हत्यार कोणाचे?

सरकारी कारकुनाला असत्याचे वावडे असते, असे कोणी म्हणणार नाही. ‘प्रकरण विचाराधीन आहे’ हे वाक्य मी गेल्या दहा वर्षांत किती वेळा लिहिले असेल याची मोजदाद नाही. आणि त्यांतल्या निम्म्या वेळी त्या प्रकरणाचा विचार उभ्या भूतलावर कोणीही करीत नव्हते. परंतु ते असत्य कचेरीचे असते. सही माझी असली तरी त्याचे पाप फायलीबरोबर वर चढत जाते आणि वाटेत इतक्या टेबलांवर वाटले जाते की, माझ्या वाट्याला जेमतेम चिमूटभर उरते. गेल्या मार्च महिन्यात एका शनिवारी सकाळी मी जे असत्य बोललो ते मात्र सर्वस्वी माझे होते. माझ्या घराच्या दारात, माझ्या मुलादेखत, कोणाच्याही आदेशावाचून मी ते बोललो. शब्द अवघे तीन : “बॅटरी उतरली आहे.”

समोर उभा होता तो आमच्या वसाहतीत लहानसहान कामे करणारा सुतार. दिल्लीच्या रिवाजाप्रमाणे त्याला सारे ‘मिस्त्री’ म्हणतात. मी ‘मिस्त्रीजी’ म्हणतो. रामकृष्णपुरमच्या आमच्या सेक्टरात, सायकलला कॅनव्हासची पिशवी अडकवून तो गेली पंधरा-वीस वर्षे फिरतो आहे. त्याने एका नव्या इमारतीत चौथ्या मजल्यावरील स्वयंपाकघराच्या कपाटांना दारे बसविण्याचे काम घेतले होते. घरात तारा ओढून झाल्या होत्या, पण वीज अद्याप आली नव्हती. त्याचे स्वतःचे ड्रिल मशीन विजेच्या तारेवर चालणारे. काम उक्ते, म्हणजे रक्कम ठरलेली. दिवस किती लागतील तो त्याचा प्रश्न. “बाबूजी, तुमचे बॅटरीवरचे मशीन एका दिवसासाठी मिळेल का? संध्याकाळी आणून देतो,” असे त्याने आपल्या पूरबी हिंदीत विचारले. आतल्या कपाटात दोन्ही बॅटऱ्या काठोकाठ भरून ठेवलेल्या होत्या. मी वरील तीन शब्द उच्चारले. तो “बरं, बाबूजी” म्हणाला आणि सायकल वळवून निघून गेला. माझ्या आठ वर्षांच्या मुलाने एकदा माझ्याकडे आणि एकदा कपाटाकडे पाहिले. त्याने काही विचारले असते तर बरे झाले असते.

हा प्रसंग कोणाला सांगण्यासारखा नाही, इतका तो क्षुल्लक आहे. परंतु तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनाला गिरमिट लावल्यासारखा पोखरतो आहे, आणि तो सोडवावयाचा तर ते यंत्र माझ्या घरी कसे आले येथूनच आरंभ केला पाहिजे.

माझे बालपण सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी गेले. वडील शाळेत संस्कृत शिकवीत. आमच्या घरात हत्यार म्हणाल तर एक गंजलेली पक्कड आणि एक हातोडी. त्यांपैकी हातोडीचा उपयोग नारळ फोडण्यासाठी होत असे. भिंतीत खुंटी ठोकावयाची झाली तरी सुताराला निरोप जाई. मग म्हातारा सुतार आपल्या सवडीने येई आणि ओटीवर पिशवी रिकामी करी : करवत, रंधा, पटाशी, गिरमिट, आणि दोरी ओढून फिरवावयाचा तो सामता. त्या सामत्याची दोरी मागेपुढे ओढताना लाकडातून निघणारा बारीक भुसा आणि त्याचा तो गरम, गोडसर वास मला आजही आठवतो. आम्हा मुलांना त्या हत्यारांना हात लावण्याची मनाई होती. “हात कापेल,” असे आई म्हणे. वडील म्हणत, “ज्याचे काम त्याने करावे.”

या एका वाक्याने मला जन्मभर कोड्यात टाकले आहे. लहानपणी मला त्याचा अर्थ असा वाटे की, सुताराच्या तोंडचा घास आपण काढू नये. आणि हा अर्थ मला फार उदात्त वाटे. पुढे पुण्यास महाविद्यालयात तत्त्वज्ञान हा विषय घेतल्यावर, आणि पुस्तकांपेक्षाही तेथील वसतिगृहात निरनिराळ्या जातींच्या मुलांबरोबर राहिल्यावर, त्याच वाक्याचा दुसरा अर्थ दिसू लागला : ते काम आपले नव्हे, आपले हात त्याहून वरच्या कामासाठी आहेत. बलुतेदारीचे सारे पुण्य आणि सारे पाप त्या चार शब्दांत एकत्र नांदत होते. वडिलांच्या मनात कोणता अर्थ होता, हे मी त्यांना कधी विचारले नाही. आता विचारता येणार नाही. चार वर्षांपूर्वी ते गेले. आणि दैवयोग असा की, मी जे यंत्र घेतले ते त्यांचीच तसबीर भिंतीवर लावण्याच्या निमित्ताने.

आपल्यापैकी ज्यांनी दोन-चार बदल्या भोगल्या आहेत त्यांना सरकारी निवासस्थानाच्या भिंतीविषयी सांगावयास नको. ती भिंत आपली नसते. तिच्यावर आपल्या आधी राहून गेलेल्या पाच-सहा कुटुंबांच्या खिळ्यांच्या खुणा असतात. कोठे तमिळ गृहस्थाचा देव्हारा होता, कोठे पंजाबी कुटुंबाचे घड्याळ होते, हे त्या खुणांवरून ओळखता येते. नव्याने खिळा ठोकावा तर जुने प्लास्टर पापुद्र्यासारखे गळून पडते. मिस्त्रीजीला बोलावले तर तो ‘उद्या’ म्हणतो आणि आठ दिवसांनी येतो. कारण दोन भोकांच्या कामासाठी त्याला अर्धा दिवस मोडावा लागतो. तसबीर महिनाभर पलंगाखाली होती. अखेर कचेरीतील एक बंगाली मित्र म्हणाला, “अहो, ड्रिलच विकत घ्या ना!” आणि एका रविवारी तो मला चावडी बाजारात घेऊन गेला.

दुकानदाराने तासभर मला जे ज्ञान दिले ते येथे थोडक्यात नमूद करतो. न जाणो, एखाद्या वाचकाच्या कामी यावयाचे. खोक्यावर ठळक अक्षरांत व्होल्ट लिहिलेले असतात. त्यांत १२ आणि १८ हे दोन मुख्य वर्ग. ज्यावर २० लिहिलेले असते ते १८ पेक्षा बलवान असेल असे मी समजलो. पण दोन्ही वस्तुतः एकच. आत पाच लिथियम घट एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येकाचा नेहमीचा दाब ३.६ व्होल्ट धरला तर बेरीज १८ होते. बॅटरी नुकतीच भरलेली असताना तो चारच्या आसपास असतो, तो धरला तर २०. १२ चे यंत्रही याच न्यायाने तीन घटांचे, म्हणजे १०.८ व्होल्टचे. अंदाजपत्रकातील आकडा आणि प्रत्यक्ष खर्चाचा आकडा यांची सवय असलेल्या माणसाला यात नवल वाटू नये. व्होल्टला अँपिअर-तासांनी गुणले म्हणजे साठा कळतो : १८ ला दोनाने गुणले की ३६ वॅट-तास. विजेच्या एका युनिटात अशी बॅटरी, गळतीचा हिशेब सोडला तर, सत्तावीस वेळा भरेल. इतकी थोडी वीज. आणि तिच्यावर एक माणूस तास-दोन तास सुतारकाम करू शकतो.

दुसरी गोष्ट त्याने मोठ्या गंभीरपणे सांगितली : “मशीन काय, कोणतेही घ्या. खरी बॅटरी निवडा.” कारण एका कंपनीच्या बॅटरीचा दुसऱ्या कंपनीच्या यंत्राशी रोटीबेटीव्यवहार होत नाही. आज एका घराण्यात सोयरिक केली की पुढे करवत घ्या, घासण्याचे यंत्र घ्या, ते त्याच घराण्यातले. जातिसंस्था मोडकळीस आली म्हणून आपण हर्ष मानीत असता ती अशी हार्डवेअरच्या दुकानात पुनर्जन्म घेईल, हे कोणाच्या स्वप्नात आले असेल?

तिसरी गोष्ट भिंतीची. केवळ फिरणारे यंत्र लाकडाला आणि पत्र्याला पुरते. विटेसाठी फिरता फिरता ठोकणारे, म्हणजे ज्यावर हातोडीचे चिन्ह असते ते, घ्यावे लागते. त्यात दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून टोकाला हिसके देतात, आणि टंगस्टन कार्बाइडचे टोक वीट फोडीत जाते. काँक्रीटसाठी मात्र तेही अपुरे. त्याला हवेच्या दाबाने दट्ट्या मारणारे वेगळेच जड यंत्र लागते. शिवाय तोंडापाशी आकडे कोरलेली एक कडी असते. ती लहान आकड्यावर ठेवली तर मळसूत्र पुरेसे बसताच यंत्र आपोआप निसटते आणि लाकूड फाटत नाही. नवशिके लोक या कडीकडे दुर्लक्ष करतात. मीही केले, आणि देव्हाऱ्याच्या फळीला उभी चीर पाडली.

मी हातोडीच्या चिन्हाचे १८ व्होल्टचे यंत्र, दोन बॅटऱ्या आणि विटेसाठी व लाकडासाठी टोके, असे सारे साडेसहा हजारांत घेतले. भोकात बसवावयाच्या प्लास्टिकच्या पेल्यांना दिल्लीत ‘गिट्टी’ म्हणतात, हे ठाऊक नसल्यामुळे दुकानदाराने “गिट्टी देऊ का?” म्हणताच, मी रस्त्याला घालावयाची खडी समजून नको म्हणालो. ती आणावयास दुसरा रविवार खर्ची पडला.

यंत्राचा इतिहास मी नंतर वाचला. विजेवर चालणारे, हातात धरावयाचे ड्रिल १८९५ मध्ये जर्मनीतील श्टुटगार्ट येथे फाइन यांच्या कारखान्यात तयार झाले. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाखालचा चाप हे रूप त्याला अमेरिकेत ब्लॅक अँड डेकर यांनी दिले. त्याचे पेटंट १९१७ चे. तारेवाचून चालणारे ड्रिलही त्यांनीच १९६१ मध्ये बाजारात आणले. त्या काळी त्यात निकेल-कॅडमियमची बॅटरी असे. १९७१ मध्ये अपोलो-१५ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर भोके पाडण्यासाठी बॅटरीवरचे ड्रिल नेले होते. ते चंद्राच्या मातीत असे अडकले की ठरलेली खोली काही गाठता आली नाही. माझ्या खिडकीवरच्या काँक्रीटच्या तुळईत पाऊण इंच जाऊन माझे टोक निळे पडून थांबले, तेव्हा चंद्रावरच्या त्या गृहस्थांची मला आठवण झाली आणि थोडे समाधान वाटले. पुढे हलक्या लिथियम बॅटरीने या हत्याराचा कायापालट केला, आणि तिच्या जनकांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या शोधासाठी तीन शास्त्रज्ञांचे आयुष्य लागले तो माझ्या कपाटात खालच्या खणात, जुन्या वर्तमानपत्रांशेजारी पडून असतो.

‘पडून असतो’ हे शब्द मी जाणूनबुजून लिहिले. पहिल्या दिवशीचा आनंद मात्र मी नाकारीत नाही. तसबिरीच्या जागेवर पेन्सिलीने खूण केली, टोकाला गिट्टीच्या लांबीइतक्या अंतरावर चिकटपट्टी गुंडाळली म्हणजे भोक जास्त खोल जाऊ नये, खालच्या स्विचच्या सरळ वरच्या रेषेत तार असू शकते म्हणून ती रेषा टाळली, डोळ्यांवर चष्मा चढविला आणि चाप दाबला. प्रथम पांढरी, मग तांबडी धूळ निघाली. वीट लागली हे हाताला कळले. आयुष्यात प्रथमच माझ्या हाताला असे काही कळले, जे कोणत्याही कागदावर लिहिलेले नव्हते. ज्या माणसाने आजन्म हातोडीने केवळ नारळ फोडला त्याची तसबीर त्याच्या मुलाने स्वतः पाडलेल्या भोकावर टांगली. ती किंचित डावीकडे कललेली आहे. पण पत्नीखेरीज कोणी ते दाखविलेले नाही.

त्यानंतर दोन वर्षांत मी काय केले? दोन फळ्या, एक पडद्याची दांडी, मुलाच्या टेबलाचे ढिले पाय, गच्चीतील दोरीचे आकडे. गणेशोत्सवात मंडळाच्या मखरासाठी यंत्र दोन दिवस बाहेर होते. तेथे ते पाच-सहा जणांच्या हातून फिरले आणि त्याचे खरे चीज झाले. एरवीचा हिशेब मी एका रात्री मांडला. भोकाला अर्धे मिनिट, मळसूत्राला दहा सेकंद. सारे मिळून, दोन वर्षांत, ते यंत्र माझ्या हातात प्रत्यक्ष फिरले ते सव्वा तासाहून अधिक नाही.

आता येथे एक बारकावा आहे, आणि माझ्या मते साऱ्या प्रश्नाची मेख त्यातच आहे. हातोडी दहा वर्षे कोनाड्यात पडली तर ती हातोडीच राहते. पुसून घेतली की कामाला तयार. लिथियमची बॅटरी तशी नव्हे. ती न वापरताही म्हातारी होते. आतली रसायने आपापले काम करीतच असतात. उष्णतेत तर फारच वेगाने. पूर्ण भरून ठेवली तर लवकर झिजते, पूर्ण रिकामी ठेवली तर कधी कधी पुन्हा जीव धरीतच नाही. अर्धवट भरून थंड जागी ठेवावी असे सांगतात. दिल्लीच्या जूनमध्ये थंड जागा कोठून आणावी, हे कोणी सांगत नाही. म्हणजे माझ्या खणात जे होते ते साठवलेले धन नव्हते; ते नासत चाललेले दूध होते. मिस्त्रीजीला नकार देऊन मी माझे काहीही वाचविले नाही. जो जीव त्याच्या कपाटांच्या बिजागऱ्यांवर खर्च झाला असता तो अंधारात आपोआप खर्च झाला.

अपरिग्रहाविषयी मी पतंजलीच्या यमांत वाचले होते, परीक्षेत लिहिलेही होते. गांधीजींनी १९३० मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना लिहिलेल्या पत्रांत अस्तेयाची व्याख्या फार ताणलेली आहे. ज्या वस्तूची आपल्याला गरज नाही ती मालकाच्या अनुमतीने घेणेही चोरीच, असा त्यांचा आशय. विद्यार्थिदशेत मला तो अतिरेक वाटला होता. दुकानदाराने रोकडा पैसा मोजून घेतला, पावती दिली. यात चोरी कसली? आजही मी त्या व्याख्येपुढे सर्वस्वी मान तुकवावयास तयार नाही. गरजेचा तराजू असा लावावयाचा तर माझ्या घरातील निम्मी पुस्तकेही चोरीची ठरतील. कित्येक तर मी सव्वा तासही वाचलेली नाहीत.

पण त्याच गांधीजींनी यंत्राविषयी जे सांगितले ते मला अधिक जवळचे वाटते. आपण सर्वच यंत्रांविरुद्ध आहात काय, या १९२४ मधील प्रश्नाला उत्तर देताना त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला. आपल्या पत्नीचे कष्ट पाहून सिंगरने ते यंत्र घडविले, त्याच्या मुळाशी प्रेम आहे, असे त्यांचे म्हणणे. त्यांचा विरोध यंत्राला नव्हता, यंत्राच्या वेडाला होता. श्रम वाचविण्याच्या नादात हजारो माणसे बेकार होऊन रस्त्यावर येतात, त्याला होता. या मापाने माझे ड्रिल मोजले तर चमत्कारिक निष्कर्ष निघतो. ते मिस्त्रीजीच्या हाती असेल तेव्हा सिंगरचे यंत्र ठरते, कारण ते त्याच्या मनगटाचे कष्ट हरते. तेच माझ्या हाती येताच त्याच्याच कामातील दोन भोकांची मजुरी हिरावून घेते. वस्तू एक, व्होल्ट तेच. दोष-गुण मुठीबरोबर बदलतात.

यावर कोणी म्हणेल, मग तुम्ही यंत्र घेतलेच नसते तर बरे. हे मला मान्य नाही. ‘ज्याचे काम त्याने करावे’ या वाक्याकडे परत जाण्याची माझी इच्छा नाही. स्वतःच्या भिंतीला स्वतः भोक पाडणे यात मी कोणाचे बलुते बुडविले असे मानीत नाही. आमच्या पांढरपेशा वर्गाने पिढ्यान् पिढ्या हाताच्या कामाला जो दूरचा नमस्कार केला त्याचे थोडेसे प्रायश्चित्त त्यात झाले तर झालेच. माझा मुलगा आता मळसूत्र सरळ बसवू शकतो, आणि दोन बिजागऱ्या समांतर लावणे किती अवघड असते हे त्याला ठाऊक आहे. सुताराच्या मजुरीविषयी तो घासाघीस करील असे मला वाटत नाही. हत्यार हाती धरल्यावाचून कारागिराची खरी किंमत कळत नाही. तेव्हा माझ्या सव्वा तासाचेही काही मोल आहेच.

मग चूक कोठे झाली? ॲरिस्टॉटलने गुलामाला सजीव हत्यार आणि हत्याराला निर्जीव गुलाम म्हटले आहे. धोटा आपोआप विणू लागला तर धन्याला दासांची गरज उरणार नाही, असेही तो एके ठिकाणी सुचवितो. ही वाक्ये पाठ करून मी बी. ए. झालो, पण त्यांचा अर्थ त्या शनिवारी दारात कळला. यंत्र येण्यापूर्वी मिस्त्रीजी माझ्या लेखी एक सजीव ड्रिल होता. निरोप पाठवावा, येत नाही म्हणून चिडावे, काम झाले की विसरावे. निर्जीव ड्रिल घरी आले आणि सजीवाची गरज संपली. दोन वर्षांत मी त्याची चौकशीही केली नाही. आणि आता ते सजीव हत्यार, ज्याला स्वतःचे घर आणि स्वतःचे उक्ते काम आहे असा माणूस होऊन, माझे निर्जीव हत्यार मागण्यास उभे होते. ही उलटापालट मला सहन झाली नाही.

नकाराची कारणे मी त्या दिवशी मनाशी सभ्य भाषेत मांडली होती. तो यंत्र आपटील, टोके बोथट करील, एकदा दिले की नेहमी मागेल. ही कारणे खोटी नव्हती. पण मखराच्या वेळी मंडळाच्या पोरांनी ते यंत्र दोनदा पाडले तेव्हा ती कोठे गेली होती? खरे कारण निराळे, आणि ते लिहावयास लाज वाटते. त्याच्या हातात ते यंत्र शोभले असते. ज्या कामाला मला चष्मा, चिकटपट्टी, पेन्सिल आणि सबंध रविवार लागतो ते त्याने बोलता बोलता केले असते. आणि माझ्या हातात ते खेळणे आहे हे त्याला, मला आणि मुलाला एकदम दिसले असते. मी वस्तू राखीत नव्हतो, रुबाब राखीत होतो.

पुढच्या शनिवारी मी बाजाराजवळच्या नाक्यावर गेलो. सकाळी तेथे कामाच्या शोधात मजूर, रंगारी, सुतार उभे असतात. मिस्त्रीजी नीमच्या झाडाखाली एका स्टुलाचा पाय बसवीत होता. मी म्हटले, “मिस्त्रीजी, त्या कपाटांचे काय झाले?” झाले होते. हाताच्या पेचकसाने त्याने ती दारे दोन दिवसांत बसविली. एका दिवसाच्या पैशांत. माझ्या तीन शब्दांची किंमत अशी मला रोख कळली. मी कबुली दिली नाही. “आज बॅटऱ्या भरलेल्या आहेत, काम असेल तर यंत्र घेऊन जा,” एवढेच म्हणालो. त्याने माझ्याकडे पाहिले. तो काय समजावयाचे ते समजला असावा. काही बोलला मात्र नाही. बुधवारी संध्याकाळी तो घरी आला. यंत्र काढून देत असता मुलाने विचारले, “बाबा, आज उतरली नाही का?” त्याला मराठी कळत नाही, ही देवाची कृपा.

येथे कथा संपली असती तर मी बराच बरा माणूस ठरलो असतो. परंतु गुरुवारी रात्री यंत्र परत आले तेव्हा मी ते त्याच्यासमोरच दिव्याखाली धरून न्याहाळले. मुठीजवळ एक नवा ओरखडा होता. माझे बोट त्यावरून नकळत फिरले, आणि त्याने ते पाहिले. त्याने खिशातून शंभराची नोट काढून खोक्यावर ठेवली. मी नको म्हणालो, तो ऐकेना. “बाबूजी, बाजारात भाड्याने घेतले तर याहून अधिक पडते,” असे म्हणून तो निघून गेला.

ती नोट ठेवावी की परत द्यावी, यावर आमच्या घरी मोठा खल झाला. केंद्रीय सेवेतील माणसाला १९६४ च्या आचरण-नियमांतील पंधरावा नियम मुखोद्गत असतोच : खाजगी व्यापार-धंदा सरकारच्या पूर्वपरवानगीवाचून करू नये. ड्रिल भाड्याने देणे हा धंदा काय? परवानगीचा अर्ज केलाच तर तो कोणकोणत्या टेबलांवरून जाईल आणि त्यावर ‘विचाराधीन’ असे कोण लिहील, हे मला बसल्या जागी दिसत होते. माझा स्वतःचा कल नोट परत करण्याकडे होता. पत्नीचे मत उलटे. ती म्हणाली, “पैसे घेतले नाहीत तर तो पुन्हा मागायला यायचा नाही.”

मी अनेक ग्रंथांत दान आणि प्रतिग्रह यांविषयी वाचले आहे. पण इतक्या थोडक्यात कोणी सांगितलेले मला आठवत नाही. फुकट दिले असते तर मी वर आणि तो खाली. ओरखडा पाहिला तेव्हा मी मालक, आणि तो अपराधी. शंभराच्या नोटेने त्याने ते दोन्ही हिशेब एकदम चुकते केले, आणि आपल्यासाठी दार उघडे ठेवले. माझे औदार्य त्याला नको होते. त्याला यंत्र हवे होते.

तरीही मी तिच्या म्हणण्याला पूर्ण मान दिला, असे नाही. मध्यम मार्ग काढला, जसा कारकून काढतो. नोट त्याच खोक्यात ठेवली आहे. टोके झिजली की त्यातून नवी आणावयाची आणि बॅटरी मेली की दुसरी घेण्यास ती साठवावयाची. मिस्त्रीजीला हे सांगितले. त्याला ते पटले असावे, कारण दुसऱ्या खेपेस त्याने पैशांबरोबर विटेचे एक नवे टोकही आणून खोक्यात टाकले. आता महिन्यातून दोनदा-तीनदा तो येतो. मागच्या खेपेस यंत्र ठेवता ठेवता त्याची नजर भिंतीकडे गेली. वडिलांच्या तसबिरीखाली क्षणभर उभा राहून, हात न लावता, त्याने मान किंचित डावीकडे कलती केली, आणि माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, “राहू द्या, मिस्त्रीजी. ते माझे काम आहे.”

तो हसला. येत्या शुक्रवारी त्याला यंत्र दोन दिवसांसाठी हवे आहे. बॅटऱ्या गुरुवारी रात्री भरावयाच्या आहेत, हे मी मुलाला सांगून ठेवले आहे.